अफूची किल्ली कोणाकडे? बुलढाण्याच्या वेदनेचा प्रशासकीय इतिहास

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याची रांग आहे. ती ओलांडली की मध्य प्रदेशाचा बुऱ्हाणपूर जिल्हा लागतो आणि इंदूरमार्गे पुढे गेले की माळव्याच्या पठारावर नीमच-मंदसौरची अफूची शेते येतात. सरकारी परवान्याने अफूचा चीक काढणारे प्रदेश जगात मोजके आहेत; हा त्यांतला एक. नीमचला केंद्र सरकारचा कारखाना आहे आणि तेथे या चिकातून औषधी द्रव्ये वेगळी केली जातात. त्यांतले सर्वांत जुने आणि आजही कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर आधार मानले जाणारे द्रव्य म्हणजे मॉर्फीन.

तरीही देशातील बहुतेक जिल्ह्यांप्रमाणे बुलढाण्याच्या रुग्णालाही ही स्वस्त गोळी कित्येक दशके दुर्मीळच राहिली. पीक शेजारच्या राज्यात, कारखाना सरकारचा, औषध दोनशे वर्षांचे जुने. मग अडले कोठे?

उत्तर वैद्यकशास्त्रात सापडत नाही. ते सापडते अफूच्या कोठाराची किल्ली कोणत्या खात्याकडे होती, या प्रश्नात. म्हणून ही हकीकत दवाखान्याइतकीच कचेऱ्यांची आहे.

वऱ्हाडापासून आरंभ करावा लागेल. २१ मे १८५३ रोजी निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाचे कर्ज निजामावर साचले होते. त्यापोटी वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला. मालकी निजामाची, कारभार रेसिडेंटचा, असा हा चमत्कारिक प्रांत. सरकारी कागदांत त्याचे नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. कायद्याच्या दृष्टीने तो ब्रिटिश हिंदुस्थानात मोडतच नसे. तिकडचे कायदे इकडे लागू करायचे तर त्यासाठी स्वतंत्र हुकूम काढावे लागत. १८६० च्या दशकात जिल्ह्यांची मांडणी झाली आणि थंड हवेच्या पठारावरचे बुलढाणा हे डेप्युटी कमिशनरचे ठाणे बनले. खामगाव आणि जळगाव हे तालुके मात्र १९०५ पर्यंत अकोल्याकडे होते.

योगायोग असा की त्याच १८५३ साली एडिंबरोचे डॉक्टर अलेक्झांडर वुड यांनी त्वचेखाली सुईने औषध टोचण्याचा प्रयोग केला आणि त्यासाठी मॉर्फीन वापरले. अफूतून मॉर्फीन वेगळे करण्याचे काम जर्मन औषधविक्रेता फ्रीडरिश झेर्ट्युर्नर याने १८०५ च्या सुमारास केलेले होतेच. म्हणजे वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली आला, त्याच वर्षी वेदनेवरचा आधुनिक उपचार आकार घेत होता. वऱ्हाडच्या प्रशासनात या दोन गोष्टींची गाठ पडायला पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

अफू येथे नवी नव्हती. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत ती नाही. पण मध्ययुगातील शार्ङ्गधर संहितेत ‘अहिफेन’ येते आणि पुढे भावप्रकाशातही. ‘अफू’ हा मराठी शब्द अरबी ‘अफयून’वरून आला आणि अरबीने तो ग्रीकांकडून घेतला. अतिसार, खोकला, सांधेदुखी, थकवा यांवर गावोगावी तिचा उपयोग होई. तान्ह्या मुलाला चाटवायच्या बाळगोळीतही ती असे. कामावर जाणाऱ्या बाईला दिवसभर मूल निजलेले हवे असे. मुंबईच्या गिरणगावात या गोळीचा प्रघात इतका होता की विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्त्री-डॉक्टरांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. अफूचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती वेदना शमवी, तशीच माणसे आणि मुले गिळंकृतही करी.

सरकारच्या लेखी मात्र ती तिसरेच काही होती: उत्पन्नाची बाब. अफू सरकारी खजिन्यातून परवानाधारक दुकानदाराला मिळे, दुकानांच्या परवान्यांतून आणि अफूवरच्या करातून महसूल जमा होई. १८७८ चा अफू कायदा या साऱ्याचा पाया होता. १९१० साली बुलढाणा जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. त्या मालिकेतील ग्रंथ चाळणाऱ्याला एक गोष्ट लवकरच जाणवते: अफूची माहिती दारू आणि गांजा यांच्या शेजारी, अबकारीच्या मथळ्याखाली असते. दवाखाने, देवीची लस, साथी यांचे प्रकरण वेगळे. एकाच ग्रंथाच्या दोन प्रकरणांमधले हे अंतर पुढच्या शतकभराच्या कारभाराचे चित्र मानायला हरकत नाही.

दरम्यान इंग्लंडमध्ये अफूविरोधी चळवळ जोर धरू लागली होती. चीनशी चाललेला हा व्यापार अनीतीचा आहे, असे तिचे म्हणणे. दादाभाई नौरोजींचेही तेच मत होते. पार्लमेंटच्या दबावामुळे १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले गेले. त्यात दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंग आणि जुनागढचे माजी दिवाण हरिदास विहारीदास देसाई हे दोन हिंदी सदस्य होते. कमिशनने शेकडो साक्षी नोंदवल्या आणि १८९५ मध्ये अहवाल दिला. निष्कर्ष सरकारला सोयीचा निघाला: अफूबंदीची गरज नाही.

त्या अहवालातले एक सूत्र येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हिंदुस्थानात अफूचा औषधी वापर आणि बिगर-औषधी वापर यांत व्यवहारात रेषा ओढता येत नाही, असे कमिशनने मानले. खेड्यात डॉक्टर नाही, अफू हेच घरगुती औषध. मग औषध कोणते आणि व्यसन कोणते हे ठरवणार कोण? हे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. पण त्यातून निघालेला मार्ग पाहण्यासारखा आहे. खेड्यात डॉक्टर नसेल तर डॉक्टर पाठवावा, हा एक मार्ग होता. दुकान चालू ठेवावे, हा दुसरा. सरकारने दुसरा पत्करला, कारण अफूचे खाते पैसा आणणारे होते आणि आरोग्याचे खाते पैसा मागणारे.

वऱ्हाडचा धनी याच सुमारास पुन्हा बदलला. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारान्वये लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या खंडावर कायमचा पट्ट्याने घेतला आणि १ ऑक्टोबर १९०३ पासून तो मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडला. रेसिडेंट गेला, नागपूरचा चीफ कमिशनर आला. बुलढाण्याच्या अफूची कागदपत्रे हैदराबादऐवजी नागपूरकडे जाऊ लागली. खाते तेच राहिले.

पुढचा धक्का बाहेरून आला. १९०९ मध्ये शांघायला अफूविषयक आंतरराष्ट्रीय आयोग भरला, १९१२ मध्ये हेगचा करार झाला, १९२५ मध्ये जिनिव्हाचा. ‘औषधी व शास्त्रीय उपयोग’ हे शब्द आंतरराष्ट्रीय कायद्यात रुजले ते याच काळात. देशात गांधीजींच्या प्रेरणेने अफूविरोधी मोहिमा निघाल्या. आसामात काँग्रेसने चौकशी समिती नेमली. १९३० चा डेंजरस ड्रग्ज ॲक्ट हे या घडामोडींचे फळ. मॉर्फीन, कोकेन यांसारख्या तयार द्रव्यांवर पहिल्यांदा देशभर एकसारखे नियंत्रण बसले. जी रेषा ओढता येत नाही असे १८९५ मध्ये सांगितले गेले, ती कागदावर ओढली गेली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गाझीपूरच्या १८२० पासून चालत आलेल्या अफूच्या कारखान्यात अल्कलॉइड काढण्याचा विभाग सुरू झाला. जखमी सैनिकांना मॉर्फीन हवे होते. युद्ध असले की वेदनेची निकड सरकारला पटकन पटते, असा याचा अर्थ कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर धोरण स्पष्ट झाले. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेत ठरले की दहा वर्षांत अफूचा बिगर-औषधी खप संपवायचा. राज्यांना मिळणारा साठा दरवर्षी कमी करत नेला गेला आणि १९५९ च्या मार्चअखेर दुकाने बंद झाली. वैद्यकीय कारणाने ज्यांची नोंदणी झाली होती, त्या जुन्या सेवनकर्त्यांपुरता अपवाद उरला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्येही मादक पेये व द्रव्ये यांच्या बंदीचे उद्दिष्ट सांगताना ‘औषधी प्रयोजनाखेरीज’ अशी सूट आहे. घटनाकारांनी रुग्णासाठी दार उघडे ठेवले होते. प्रश्न असा की त्या दारापाशी कोणाला बसवले?

घटनेच्या सातव्या अनुसूचीत त्याचे उत्तर मिळते. अफूची लागवड, उत्पादन आणि निर्यातीसाठी विक्री ही केंद्र सूचीतील ५९ वी नोंद. अफू आणि अन्य मादक द्रव्यांवरचा उत्पादन शुल्क ही राज्य सूचीतील ५१ वी नोंद. औषधे व विषे ही समवर्ती सूचीतील १९ वी, तीही केंद्राच्या ५९ व्या नोंदीच्या अधीन. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये पुन्हा राज्य सूचीत, सहाव्या क्रमांकावर. एका गोळीचे असे चार वाटे झाले. १९५० मध्ये नार्कोटिक्स कमिशनर हे पद निर्माण झाले. त्याचे कार्यालय पुढे ग्वाल्हेरला स्थिरावले. हे अधिकारी आणि गाझीपूर व नीमचचे कारखाने आजही केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाखाली आहेत.

येथे थोडे विषयांतर. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. किरणोपचाराचा संबंध पाहता त्यात तर्क होता. परिणाम मात्र गंमतीचा आहे. मलकापूर, नांदुरा किंवा शेगावच्या फलाटावरून मुंबईची गाडी पकडणारा वऱ्हाडी रुग्ण ज्या रुग्णालयात जाई ते अणुऊर्जा विभागाचे, त्याला लागणारी गोळी अर्थ मंत्रालयाची, आणि परत आल्यावर ज्या जिल्हा रुग्णालयाच्या दारात तो उभा राही ते राज्याच्या आरोग्य खात्याचे. त्या रुग्णालयाच्या प्रमुखाला आजही जिल्हा शल्यचिकित्सक म्हणतात. इंग्रजी अमदानीतील ‘सिव्हिल सर्जन’चे हे मराठी रूप. पद आले, परंपरा आली, पण मॉर्फीन ठेवण्याचा अधिकार पदाबरोबर आपोआप येत नसे.

बुलढाण्याने या काळात आणखी दोन राज्ये पाहिली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. हैदराबाद, नागपूर, मुंबई: शंभर वर्षांत तीन ठिकाणचे नियम. मध्य प्रांताचे नियम गेले, मुंबईचे दारूबंदीचे कायदे विदर्भाला लागू झाले. कारकुनाने एक पुस्तक मिटून दुसरे उघडावे, इतकाच काय तो फरक.

मग १९८५ आले.

अंमली पदार्थ व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला एनडीपीएस कायदा, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. १८५७ आणि १८७८ चे अफूचे कायदे आणि १९३० चा कायदा त्याने रद्द केले. अफगाणिस्तान-पाकिस्तानकडून येणाऱ्या हेरॉइनचा प्रश्न तेव्हा खरोखर उग्र झाला होता, आंतरराष्ट्रीय दबावही होता. कायद्याने तस्करीवर प्रहार केला. पण प्रहार करताना त्याने तस्कर आणि औषधविक्रेता यांच्यात फारसा फरक ठेवला नाही. मॉर्फीनसंबंधीच्या गुन्ह्याला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठरली, आणि मात्रा पाहून शिक्षा कमी-जास्त करण्याची सोय २००१ च्या दुरुस्तीपर्यंत जवळजवळ नव्हती. साठ्याच्या वहीतली चूकही महागात पडेल, अशी धास्ती औषधविक्रेत्यांत पसरली.

कायद्याच्या कलम १० ने तयार मादक औषधांच्या ताब्याचे, वाहतुकीचे, विक्रीचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. प्रत्येक राज्याने आपापले नियम केले. बाळगण्याचा परवाना वेगळा, वाहतुकीचा वेगळा, परराज्यातून आणण्याचा वेगळा, पाठवणाऱ्या राज्याचा निर्यात परवाना वेगळा. कोठे हे काम उत्पादन शुल्क खात्याकडे, कोठे औषध प्रशासनाकडे, कोठे दोघांकडे. मुदती निरनिराळ्या असत. एक परवाना हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. लहान रुग्णालयाने आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या औषध दुकानदाराने यातून सोपा मार्ग काढला: मॉर्फीन ठेवायचेच नाही.

आकडे बोलके आहेत. १९८५ च्या सुमारास भारतात वर्षाला सुमारे ६०० किलो मॉर्फीन औषध म्हणून वापरले जाई. १९९७ मध्ये ते १८ किलोवर आले. साऱ्या देशात, वर्षभरात, अठरा किलो.

हा आकडा बुलढाण्याच्या मापाने मांडून पाहावा. २००१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे १०२ कोटी ८७ लाख आणि बुलढाणा जिल्ह्याची २२ लाख ३२ हजार होती. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटणी केली तर जिल्ह्याच्या वाट्याला सुमारे ३९ ग्रॅम येतात. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत दर चार तासांनी १० मिलिग्रॅमची गोळी, अशी मध्यम मात्रा धरली तर एका रुग्णाला महिन्याला १.८ ग्रॅम लागते. म्हणजे बावीस लाखांच्या जिल्ह्याचा वर्षाचा वाटा एका रुग्णाला जेमतेम पावणेदोन वर्षे पुरला असता. अर्थात वाटणी कधी अशी समान झालीच नाही. जे काही होते ते मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांत राहिले.

काळाची विसंगती तीव्र होती. एनडीपीएस कायद्याला वर्षही पुरे झाले नव्हते तोच, १९८६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवरील उपचाराची तीन पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. साधी वेदनाशामके, मग कोडीनसारखी सौम्य औषधे, मग मॉर्फीन. तोंडाने आणि घड्याळाच्या काट्यावर. वेदना उठण्याची वाट पाहायची नाही, तिच्या आधी गोळी द्यायची. त्याच १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला ‘शांती अवेदना’ हे देशातील पहिले हॉस्पिस उभे राहिले; ल्युसिटो डिसूझा हे कर्करोगशल्यविशारद त्यामागे होते. १९९७ मध्ये पुण्याला वारज्यात सिप्लाचे केंद्र सुरू झाले. विद्या महाराष्ट्रात येऊन पोचली होती. पण मुंबई-पुण्याच्या पलीकडे तिच्याबरोबर औषध जात नव्हते.

दुसरीकडे भारतीय अफू परदेशी जातच होती. १९८१ पासून अमेरिकेचा नियम आहे की औषधांसाठी लागणाऱ्या मादक कच्च्या मालापैकी किमान ८० टक्के भारत आणि तुर्कस्तान या परंपरागत उत्पादकांकडून घ्यावा. माळव्याच्या शेतातला चीक समुद्र ओलांडून परक्या रुग्णाची वेदना शमवी. सातपुडा ओलांडण्यासाठी त्याला चार परवाने लागत.

या कोंडीवर पहिला मोठा आघात न्यायालयातून झाला. रवींद्र घुई यांच्या आईला स्तनाचा कर्करोग होता आणि तिच्यासाठी मॉर्फीन मिळवणे जमले नाही. त्यांनी आणि वकिलांच्या एका संघटनेने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आईच्या वेदनेविषयीची त्यांची टिपणीही प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी महसूल विभागाने सर्व राज्यांना सुटसुटीत नियमांचा नमुना पाठवला, आणि परवान्याचे अर्ज तातडीने निकाली काढावेत असे न्यायालयाने सांगितले. पण नमुना स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर होते. काहींनी स्वीकारला, कित्येकांनी नाही, काहींनी स्वीकारूनही त्यात अटी वाढवल्या. केरळात कालिकतच्या १९९३ मधील वेदना चिकित्सालयापासून डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावपातळीवरची चळवळ उभी केली होती. २००८ मध्ये तेथील सरकारने उपशामक सेवेचे धोरणच जाहीर केले. महाराष्ट्रानेही नंतर तसे धोरण स्वीकारले. २०१२ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम आला.

निर्णायक बदल मात्र मूळ कायद्यातच करावा लागला. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक मादक औषध’ अशी नवी संज्ञा कायद्यात आणली आणि त्या औषधांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडून केंद्राकडे घेतला. मे २०१५ मध्ये देशभरासाठी एकच नियम लागू झाले. मॉर्फीन, कोडीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे त्यांत आली. चार-पाच परवान्यांच्या जागी एकच मान्यता पुरेशी झाली: रुग्णालयाने ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकाकडे अर्ज करायचा. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाचे. १८७८ पासून अबकारीच्या कंबरेला असलेल्या किल्लीची एक प्रत प्रथमच औषधांच्या खात्याला मिळाली. मूळ किल्ली अजून अर्थ मंत्रालयाकडेच आहे, हेही नमूद केले पाहिजे.

कायदा बदलला म्हणून धास्ती लगेच ओसरत नाही. २०१७ मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने वेदनाशमनाच्या जागतिक विषमतेचा हिशेब मांडला. त्यात भारताची गरज केवळ सुमारे ४ टक्के भागते असे दिसले. अमेरिकेत त्याच काळात गरजेच्या कित्येक पट औषधे खपत होती आणि त्यातून व्यसनाची साथ उसळली होती. तिकडचे भय इकडच्या कचेऱ्यांत पोचायला वेळ लागला नाही. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल हे मधल्या पायरीचे, खेड्यापाड्यांत सहज मिळणारे वेदनाशामकही एनडीपीएस कायद्याखाली आणले गेले. त्याचा गैरवापर होत होता, हे खरे. पण जेथे वरची पायरी पोचलेलीच नाही तेथे मधली पायरी अरुंद झाली तर रुग्ण कोठे उभा राहणार, हा प्रश्न उरतोच.

बुलढाण्यात या प्रश्नाला आणखी एक कंगोरा आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांतून जातो आणि तेथे मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार फार दिवसांची आहे. डायक्लोफिनॅकसारखी दुकानात सर्रास मिळणारी वेदनाशामके दुर्बळ मूत्रपिंडाला घातक ठरतात. अंगदुखी, कंबरदुखी, सांधेदुखी म्हणून रोज एक गोळी घेणारा शेतमजूर नकळत दुसरे दुखणे विकत घेत असतो. मॉर्फीनही अशा रुग्णात शरीरात साचते. मात्रा जपून द्यावी लागते, कधी फेंटानिलसारखा पर्याय निवडावा लागतो. म्हणजे या पट्ट्याला गोळीइतकीच, किंबहुना अधिक, गरज आहे ती गोळी कोणाला किती द्यायची हे जाणणाऱ्या डॉक्टरची. १८९५ च्या कमिशनपुढे जो डॉक्टर नव्हता, तोच.

आज जिल्ह्यातील रुग्णाच्या वाटेवर ज्या कचेऱ्या येतात त्या अशा: गावातील आरोग्य उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये आणि बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. २०१८ पासून आयुष्मान भारतच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या बारा सेवांत वृद्धांची व उपशामक सेवा समाविष्ट आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची माहिती आशा कार्यकर्तीमार्फत वर पोचावी, अशी त्यात कल्पना आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना, तेव्हाच्या राजीव गांधी जीवनदायी या नावाने, बुलढाण्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. तिची रचना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती आहे. उपचार थांबल्यावर घरी परतलेल्या रुग्णाची वेदना या रचनेच्या कडेला राहते. त्या रुग्णाला लागते ती महिन्याची गोळी, वहीतली नोंद आणि फोन उचलणारा डॉक्टर.

वैद्यकीय शिक्षणही आता आतापर्यंत या बाबतीत मुके होते. पॅलिएटिव्ह मेडिसिन या विषयाची एमडी पदवी देशात २०१२ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये सुरू झाली. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वेदना व उपशामक सेवेचा समावेश झाला. त्याआधीच्या पिढ्यांतील बहुसंख्य डॉक्टर मॉर्फीनची गोळी लिहून देण्याचे प्रशिक्षण न घेताच पदवीधर झाले. कायदा त्यांना भिववी आणि विद्यापीठ त्यांना काही शिकवीत नसे.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत बुलढाणा होते. अकोला, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे जाणाऱ्या जिल्ह्याला स्वतःचे महाविद्यालय मिळाले आणि पहिली तुकडी नव्या अभ्यासक्रमाने शिकू लागली. ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ होण्यासाठी नियमांत मुख्यतः तीन गोष्टी अपेक्षित आहेत: वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला एक तरी डॉक्टर, साठ्याची आवक-जावक टिपणारी वही, आणि कुलूप लावता येईल असे कपाट.